घरबसल्या शिकवण्याची नोकरी : खरी कोणती, फसवी कोणती?

जालना : ‘घरबसल्या मुलांना शिकवा, महिन्याला हजारो रुपये कमवा, अनुभवाची गरज नाही, आजच नोंदणी करा.’ अशा धर्तीचे मेसेज गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येत असतात. कधी ‘ऑनलाइन शिक्षक’ पाहिजे असतो, कधी ‘शैक्षणिक समुपदेशक’. डीएड, बीएड करून घरी बसलेली पोरं-पोरी भोकरदनपासून परतूरपर्यंत सगळीकडं आहेत. त्यामुळं असा मेसेज आला की घरात चर्चा होते आणि कापसाच्या पट्टीतून दोन-पाच हजार काढून भरायची तयारीही होते. पैसे भरण्याआधी या नोकऱ्या नेमक्या काय असतात, ते समजून घेतलेलं बरं.

सरकारी शिक्षक होण्याची वाट ऑनलाइन नाही

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जिल्हा परिषद शाळेत शिक्षक व्हायचं तर वाट एकच. पहिली ते आठवीसाठी टीईटी पास पाहिजे. पहिली ते पाचवीला डीएड म्हणजे आताचं डीएलएड लागतं. नुसतं बीएड तिथं चालत नाही, हे सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२३ रोजी स्पष्ट केलं. त्यानंतर २०० गुणांची अभियोग्यता चाचणी, म्हणजे टेट, द्यावी लागते. जिल्हा परिषदेची निवड त्या गुणांवर पवित्र पोर्टलमधून होते.

निवड झाल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधन मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये आहे. यात एजंटाला कुठं जागाच नाही. ‘जिल्हा परिषदेत ऑनलाइन शिक्षक म्हणून लावून देतो’ असं कोणी म्हणालं, तर तिथंच हात जोडा.

मग ऑनलाइन शाळा असतात का?

असतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हिनं २०२१ मध्ये व्हर्च्युअल शाळा सुरू केली. दिल्ली सरकारनंही २०२२ मध्ये नववीपासूनची अशीच शाळा काढली. वर्ग मोबाइलवर किंवा संगणकावर भरतो.

पण अशा शाळेत एक शिक्षक एकाच वेळी पुष्कळ मुलांना शिकवतो, धडा रेकॉर्ड होतो आणि पुन्हा पुन्हा वापरला जातो. म्हणून शिक्षक थोडेच लागतात. दर वर्गाला एक जागा तिथं निघत नाही.

जास्त जागा निघतात त्या खासगी शिकवणीच्या कंपन्यांत. तिथली कामं साधारण चार प्रकारची असतात. मुलांच्या शंका सोडवणं, थेट तास घेणं, मराठीत धडे-प्रश्न तयार करणं आणि पालकांना फोन करणं. पहिल्या तिन्हींत विषय पक्का पाहिजे. टीईटी मागतीलच असं नाही, पण नमुना तास घ्यायला लावतात.

चौथ्या कामात गोम आहे. जाहिरातीत लिहिलेलं असतं ‘समुपदेशक’ किंवा ‘सल्लागार’. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी काम असतं कोर्स विकण्याचं. महिन्याचं टार्गेट असतं, ते झालं नाही तर पगार कापतात किंवा घरी पाठवतात. विक्रीचं काम वाईट नाही, पण ते विक्रीचं आहे हे आधी कळलं पाहिजे. मुलाखतीत एकच प्रश्न विचारा : ‘मला किती कोर्स विकावे लागतील?’ उत्तरात आकडा आला की काम कळलं.

या धंद्यात चढ-उतारही मोठा आहे. कोरोनाच्या काळात शाळा बंद होत्या, तेव्हा कंपन्यांनी भराभर माणसं घेतली. शाळा उघडल्यावर काढलीही. बायजूज ही या क्षेत्रातली देशातली सगळ्यात मोठी कंपनी मानली जायची. हजारो लोकांची नोकरी गेली आणि जुलै २०२४ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. म्हणून अशी नोकरी लागली तरी टीईटी-टेटचा अभ्यास सोडू नये.

हिशोब कागदावर मांडा

समजा तासाला १५० रुपये ठरले आणि रोज तीन तास मिळाले. महिन्याचे २५ दिवस धरले तर ११ हजार २५० रुपये होतात. व्हिडिओवर एक तास शिकवायला साधारण अर्धा ते एक जीबी डेटा जातो. लाइट गेली तर इन्व्हर्टर लागतो. रेंज नसली तर तास बुडतो आणि त्याचे पैसेही बुडतात. तयारीच्या वेळेचे पैसे मिळतात का, तास रद्द झाला तर काय, पगार किती तारखेला, हे सगळं लेखी घ्या. तोंडी बोलण्याला नंतर कोणी विचारत नाही.

‘रिस्टोरेटिव्ह’ म्हणजे काय?

मोठ्या शहरातल्या शाळा आणि संस्थांच्या जाहिरातीत हल्ली ‘रिस्टोरेटिव्ह प्रॅक्टिस’ असा शब्द दिसतो. शब्द जड आहे, गोष्ट आपल्या ओळखीची आहे. १५ ऑगस्ट २००७ ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायचं आणि भांडण कोर्टात जाण्याआधी मिटवायचं, हा तिचा गाभा. शाळेतली समेटाची पद्धतही त्याच वाटेनं जाते. न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या कायद्यानं गुन्हा केलेलं मूल, त्याचे घरचे आणि ज्याचं नुकसान झालं तो, यांना एकत्र बसवायची रीत आणली. पुढं हा विचार शाळांतही रुजला.

समजा दोन पोरांची मारामारी झाली आणि एकाची सायकल मोडली. छड्या मारल्या तर राग तसाच राहतो, सायकलही मोडलेलीच राहते. समेटाच्या पद्धतीत चार प्रश्न विचारतात : काय झालं? कोणाला त्रास झाला? आता भरपाई कशी करायची? पुन्हा होऊ नये म्हणून काय ठरवायचं? मोडणारा पोरगा सायकल दुरुस्त करून देतो आणि दोघं उद्या एकाच वर्गात बसतात.

याला कायद्याचा आधारही आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्ही बंद आहे. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढताही येत नाही. आई-बाप ऊसतोडीला गेलेलं मूल आधीच अर्धं शाळेबाहेर असतं. एका भांडणापायी ते कायमचं बाहेर पडलं, तर नुकसान सगळ्यांचंच.

मात्र एक मर्यादा पाळायचीच. मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल, तर तिथं समेट नाही. पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गावकीत मिटवणं हाच गुन्ह्याला हातभार ठरतो. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा नंबर आहे.

या कामाच्या जागा कुठं?

आपल्याकडं या नावाची वेगळी पोस्ट सहसा निघत नाही. जवळची पदं आहेत. महिला व बाल विकास विभागाच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता, क्षेत्र कार्यकर्ता अशी कंत्राटी पदं असतात. समुपदेशकाला समाजकार्य, मानसशास्त्र, समाजशास्त्र अशा विषयातली पदवी लागते. क्षेत्र कार्यकर्त्याला बारावी पुरते. सीबीएसईच्या शाळांनाही समुपदेशक ठेवावा लागतो. शिक्षकांना या कामात उतरायचं असेल, तर एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा डिप्लोमा आहे. आठ दिवसांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर समुपदेशक होता येत नाही.

अर्ज करण्याआधी

– नोकरी देणारा आपल्याला पैसे देतो. नोंदणी, किट, ट्रेनिंग, अनामत अशा कोणत्याही नावानं पैसे मागितले, तर थांबा.
– कंपनीचं नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर शोधा. नाव सापडलं तरी जाहिरात त्यांचीच आहे का, ते त्यांच्या वेबसाइटवरून विचारा.
– सरकारी जाहिरात असेल तर ती जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या अधिकृत वेबसाइटवर सापडलीच पाहिजे. फॉरवर्ड केलेल्या पीडीएफवर विसंबू नका.
– मूळ सर्टिफिकेट, ओटीपी, एटीएमचा पिन कोणालाही देऊ नका. आधारची झेरॉक्स देताना त्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहा.
– खासगी कंपनीकडून मुलाखत न घेता नेमणूक पत्र आलं, तर ते खोटं समजा.

पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी समोरच्या खात्यातली रक्कम गोठवायची शक्यता जास्त. फोननंतर पोलीस ठाण्यातही तक्रार द्या. मेसेज, पावती, नंबर काहीही डिलीट करू नका, तोच पुरावा असतो.