वैयक्तिक व्यायाम प्रशिक्षणातील हृदयक्षमता व शरीरघटकांचे मूल्यमापन : एक विवेचन

प्रस्तावना :
तालमीत नव्याने दाखल झालेल्या मुलाचा दम व ताकद वस्ताद नजरेनेच जोखत असत. तालमीत येणारा बहुधा तरुण व अंगमेहनतीची सवय असलेला असल्याने हा अंदाज बऱ्याच अंशी पुरत असे. आज व्यायामशाळेत वैयक्तिक प्रशिक्षकाकडे येणारा वर्ग मात्र वेगळा आहे. दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा पन्नाशीतील कर्मचारी, मधुमेह असलेली गृहिणी, बाळंतपणानंतर वजन वाढलेली तरुणी असे अनेकजण त्यात असतात. अशा प्रशिक्षणार्थीला पहिल्या दिवशी वजनकाट्यावर उभे करावयाचे, वजनाचा आकडा लिहून घ्यावयाचा व लगेच ट्रेडमिलवर चढवावयाचे, ही पद्धत अपुरी तर आहेच, शिवाय प्रसंगी धोक्याचीही आहे. वजनाच्या आकड्यावरून हृदयाची क्षमता कळत नाही आणि शरीरात चरबी किती व स्नायू किती हेही कळत नाही.

उद्दिष्टे :
१) मूल्यमापनापूर्वी करावयाच्या छाननीचे महत्त्व स्पष्ट करणे.
२) शरीरघटक मोजण्याच्या प्रचलित पद्धतींचा व त्यांच्या मर्यादांचा परामर्श घेणे.
३) हृदयक्षमतेच्या चाचण्यांपैकी सामान्य प्रशिक्षणार्थीस योग्य चाचणी कशी निवडावी हे विशद करणे.

मूल्यमापनापूर्वीची छाननी :
कोणतीही चाचणी घेण्यापूर्वी प्रशिक्षणार्थीचा आरोग्यविषयक पूर्वेतिहास लिहून घेणे ही पहिली पायरी होय. त्यासाठी कॅनडात तयार झालेली ‘पार-क्यू’ ही सात प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. हृदयविकार, उच्च रक्तदाब, छातीत दुखणे, चक्कर येणे, सांध्यांचे दुखणे, चालू औषधे अशा बाबींविषयीच्या या प्रश्नांची उत्तरे ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी द्यावयाची असतात. एकाही प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आल्यास अधिक चौकशी करावी व आवश्यकतेनुसार वैद्यकीय सल्ला घेण्यास सांगावे.

त्यानंतर विश्रांतीच्या अवस्थेतील नाडी व रक्तदाब मोजावा. त्यापूर्वी किमान पाच मिनिटे शांत बसणे आणि अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू वा मिश्री न घेणे आवश्यक असते. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास चाचणी पुढे ढकलून डॉक्टरांकडे पाठविणे हेच शहाणपणाचे ठरते. निदान करणे हे प्रशिक्षकाचे काम नव्हे. धोक्याची खूण वेळीच ओळखणे हे मात्र निश्चितच त्याचे काम आहे.

शरीरघटकांचे मूल्यमापन :
शरीराचे वजन म्हणजे चरबी आणि चरबीविरहित भाग यांची बेरीज होय. चरबीविरहित भागात स्नायू, हाडे, पाणी व इंद्रिये येतात. बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात वजन व उंचीच्या वर्गाचे गुणोत्तर मांडले. अॅन्सेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये त्यास ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. हा निर्देशांक काढणे सोपे असले तरी चरबी व स्नायू यांतील फरक त्यातून दिसत नाही.

भारतीयांच्या बाबतीत ही उणीव विशेष गंभीर ठरते. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता. चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होते. दिसावयास सडपातळ, परंतु आतून चरबीयुक्त अशी ही भारतीय शरीराची ठेवण होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानेही २००४ मध्येच आशियाई लोकांसाठी २३ व २७.५ हे टप्पे सुचविले. २००९ मधील भारतीय तज्ज्ञांच्या मसलतीनुसार २३ पासून अतिवजन व २५ पासून स्थूलता मानली जाते. ‘वजन बरोबर आहे’ एवढ्यावर समाधान मानणे आपल्याकडे का योग्य नाही, हे यावरून स्पष्ट होते.

यावर सर्वांत सोपा उपाय साध्या फितीचा आहे. शेवटची बरगडी व कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मध्यावर, नेहमीसारखा श्वास सोडल्यानंतर पोटाचा घेर मोजावा. भारतीय पुरुषांत ९० सें.मी. व स्त्रियांत ८० सें.मी. ही मर्यादा मानतात. साडीच्या निऱ्या किंवा परकराची नाडी यांवरून घेतलेले माप चुकते. म्हणून स्त्रियांचे मोजमाप आडोशाला व शक्यतो स्त्री-प्रशिक्षिकेने घ्यावे.

त्वचेखालील चरबीची जाडी स्किनफोल्ड कॅलिपरने मोजतात. डर्निन व वुमर्सली यांच्या १९७४ च्या पद्धतीत दंडाची पुढची व मागची बाजू, खांद्याच्या फऱ्याखालील जागा आणि कमरेच्या हाडावरील जागा अशा चार ठिकाणी माप घेतात. चिमटीत केवळ त्वचा व चरबी धरावी, स्नायू धरू नये. प्रत्येक ठिकाणी दोनदा माप घ्यावे व त्यांत फरक पडल्यास तिसऱ्यांदा घ्यावे. ही समीकरणे स्कॉटलंडमधील स्त्री-पुरुषांच्या मोजमापांवर आधारलेली आहेत. त्यामुळे त्यांतून निघणारी चरबीची टक्केवारी आपल्याकडे अंदाज म्हणूनच स्वीकारावी. कुशल हातांनीही त्यात तीन ते चार टक्क्यांची चूक संभवते.

अनेक व्यायामशाळांत असलेले विद्युतरोध मोजणारे यंत्र शरीरातून अतिशय सौम्य प्रवाह सोडून शरीरातील पाण्याचा व त्यावरून चरबीचा अंदाज बांधते. साहजिकच जेवण, पाणी, घाम व मासिक पाळी यांमुळे त्याचा आकडा बदलतो. हृदयात पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीसाठी हे यंत्र वापरू नये.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. ७२ कि.ग्रॅ. वजनाच्या व्यक्तीच्या शरीरात २५ टक्के, म्हणजे १८ कि.ग्रॅ. चरबी आहे. बारा आठवड्यांनंतर वजन ७१ कि.ग्रॅ. व चरबी २२ टक्के झाली. काट्यावर केवळ एक किलो घटला, परंतु चरबी सुमारे २.४ कि.ग्रॅ. कमी झाली व चरबीविरहित भाग सुमारे १.४ कि.ग्रॅ. वाढला. वजनच पाहणारा प्रशिक्षणार्थी येथे निराश होऊन व्यायाम सोडून देण्याची शक्यता असते. मात्र तीन टक्क्यांचा हा फरक मापनाच्या चुकीतही बसू शकतो, हे प्रशिक्षकाने विसरू नये. म्हणून टक्केवारीबरोबरच चारही जागांच्या जाडीची बेरीज व पोटाचा घेर यांची नोंद ठेवावी. तिन्ही आकडे एकाच दिशेने जात असतील तरच बदल खरा मानावा.

हृदयक्षमतेचे मूल्यमापन :
जास्तीत जास्त श्रम करताना शरीर दर मिनिटास किती ऑक्सिजन वापरू शकते, यावरून हृदय, फुप्फुसे, रक्ताभिसरण व स्नायू यांची एकत्रित क्षमता कळते. प्रयोगशाळेत ती थेट मोजता येते. व्यायामशाळेत मात्र तिचा अंदाज घ्यावा लागतो.

केनेथ कूपर यांची १९६८ मधील बारा मिनिटांची धाव चाचणी आपल्याकडे सर्वपरिचित आहे. धावलेल्या मीटरमधून ५०४.९ वजा करून ४४.७३ ने भागले असता ही क्षमता मिळते. २,००० मीटर धावणाऱ्याची क्षमता सुमारे ३३.४ मि.लि. प्रति कि.ग्रॅ. प्रति मिनिट येते. परंतु ही चाचणी सर्वशक्तीनिशी धावण्याची असल्याने व्यायामाची सवय नसलेल्या मध्यमवयीन व्यक्तीस पहिल्याच दिवशी देणे योग्य नव्हे.

क्वीन्स कॉलेज पायरी चाचणीत ४१.३ सें.मी. उंचीच्या पायरीवर तीन मिनिटे चढउतार करावयाची असते. गती पुरुषांसाठी मिनिटास २४ व स्त्रियांसाठी २२ वेळा अशी असते. थांबल्यावर पाचव्या ते विसाव्या सेकंदापर्यंत नाडी मोजून तिला चारने गुणतात. पुरुषाचे ठोके १६८ आल्यास १११.३३ मधून ०.४२ गुणिले १६८ वजा करून ४०.८ हे उत्तर मिळते. नाडी मोजताना एक ठोका चुकला तरी उत्तरात सुमारे १.७ चा फरक पडतो. ही चाचणी महाविद्यालयीन तरुणांसाठी तयार झालेली आहे. बुटक्या किंवा गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीस ती जाचक ठरते.

अशांसाठी १९८७ ची रॉकपोर्ट चालण्याची चाचणी अधिक योग्य होय. सुमारे १.६ कि.मी. अंतर शक्य तितक्या जलद चालून लागलेला वेळ व शेवटची नाडी नोंदवितात आणि वय, वजन व लिंग यांच्या आधारे क्षमता काढतात. ३० ते ६९ वर्षे वयाच्या व्यक्तींवरून ती तयार केलेली असल्याने आपल्या बहुसंख्य प्रशिक्षणार्थींना ती लागू पडते. चाचणी कोणतीही असो, छातीत दडपण, हात वा जबड्यात कळ, चक्कर किंवा थंड घाम यांपैकी काहीही जाणवल्यास ती तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत मिळवावी.

निष्कर्षांचा उपयोग :
व्यायामाची तीव्रता ठरविताना ‘२२० वजा वय’ हे सूत्र सर्रास वापरले जाते. तानाका व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ हे सूत्र सुचविले. चाळिशीत दोन्ही सूत्रांचे उत्तर १८० येते, परंतु साठाव्या वर्षी ते अनुक्रमे १६० व १६६ असे येते. प्रत्यक्ष व्यक्तीत यापेक्षा दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असू शकतो. कार्व्होनेन पद्धतीत विश्रांतीची नाडीही विचारात घेतात. पन्नास वर्षांच्या व्यक्तीची कमाल नाडी १७३ व विश्रांतीची ७५ धरल्यास ५० टक्के तीव्रतेसाठी लक्ष्यनाडी १२४ येते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील औषध घेणाऱ्यांची नाडी मुळातच दबलेली असते. त्यांच्या बाबतीत ही सूत्रे व नाडीवर आधारित वरील चाचण्याही दिशाभूल करतात. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, बोलता येईल इतपतच दम लागावा, हा निकष पाळावा.

समारोप :
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, प्रथम छाननी, मग विश्रांतीची नाडी व रक्तदाब, त्यानंतर शरीरघटक व शेवटी हृदयक्षमता हा क्रम पाळणे सुरक्षित व शास्त्रशुद्ध ठरते. फेरचाचणी आठ ते बारा आठवड्यांनी, त्याच वेळी, त्याच साधनाने व शक्यतो त्याच व्यक्तीने घ्यावी. प्रशिक्षणार्थीची तुलना इतरांशी न करता त्याच्या स्वतःच्या मागील नोंदीशी करावी. यासाठी महागडी यंत्रे अपरिहार्य नाहीत. फीत, कॅलिपर, घड्याळ, रक्तदाबमापक व नोंदवही एवढी साधने तालुक्याच्या व्यायामशाळेलाही परवडणारी आहेत. गरज आहे ती मोजण्याच्या शिस्तीची आणि आकड्याची मर्यादा ओळखण्याची. वस्तादाच्या नजरेला या मोजमापाची जोड मिळाल्यास, दिसावयास धडधाकट असलेल्या माणसातील सुप्त धोकाही वेळीच लक्षात येण्यास मदत होईल.