निळ्या रंगाचा माग

लंडनमधील नॅशनल गॅलरी १८२४ साली स्थापन झाली. तेराव्या शतकापासून सुमारे १९०० पर्यंतची २३०० हून अधिक युरोपीय चित्रे तिच्या संग्रहात आहेत. इतकी चित्रे एका भेटीत पाहून होत नाहीत. म्हणून आम्ही शतकांच्या क्रमाने जायचे आणि केवळ निळ्या रंगाकडे लक्ष द्यायचे ठरवले. पाहता पाहता रसायनशास्त्राचा इतिहासच समोर उलगडत गेला.

कोणत्याही रंगात दोन घटक असतात : रंगद्रव्याची पूड आणि ती धरून ठेवणारे माध्यम. सुमारे १३९५-९९ मधील 'विल्टन डिप्टिक' या लाकडी जोडफलकात माध्यम आहे अंड्याचा बलक. त्यातील पाणी उडून जाते आणि रंग झटपट वाळतो. यान व्हॅन आइकच्या 'आर्नोल्फिनी' (१४३४) चित्रात मात्र जवसाचे तेल आहे. तेल वाळते तेव्हा ते उडून जात नाही. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचे रेणू एकमेकांशी जोडले जातात व घट्ट पापुद्रा तयार होतो. ही क्रिया सावकाश होत असल्याने चित्रकाराला छटा एकमेकींत मिसळायला सवड मिळते.

आता रंगद्रव्याकडे वळू. टिशियनच्या 'बॅकस आणि अ‍ॅरिअ‍ॅड्नी' (१५२०-२३) मधील झगझगीत आकाश लाजवर्द या दगडापासून केलेल्या रंगाचे आहे. हा दगड अफगाणिस्तानातील बदख्शानहून युरोपात येई, त्यामुळे हा रंग अतिशय महाग असे. त्याला एक स्वस्त पर्याय होता : कोबाल्टयुक्त निळ्या काचेची पूड. पण तेलात या काचेतील पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपते आणि निळा रंग करडा पडतो. जुन्या चित्रातले करडे आकाश चित्रकाराने ढगाळच रंगवले होते, असे आपण गृहीत धरू शकत नाही!

अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये प्रशियन निळा तयार झाला. १८०२ मध्ये तेनारने कोबाल्ट निळा बनवला. १८२८ मध्ये गिमे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला कृत्रिम लाजवर्दी रंगासाठी ६००० फ्रँकचे बक्षीस मिळाले. रेन्वारच्या 'छत्र्या' (सुमारे १८८१-८६) या चित्रात उजवीकडच्या मुलींच्या गटात कोबाल्ट निळा आहे, तर नंतर रंगवलेल्या डावीकडच्या भागात कृत्रिम लाजवर्दी. एकच चित्र दोन टप्प्यांत झाले, याला रंगही साक्ष देतात.

ही साक्ष फार उपयोगी पडते. १६५० सालचे म्हणून दाखवलेल्या चित्रात प्रशियन निळा सापडला, तर ते चित्र तरी बनावट असते किंवा त्यावर नंतर कोणीतरी हात फिरवलेला असतो. मात्र करडा पडलेला रंग पूर्ववत करता येत नाही. वर नवा रंग चढवला, तर मूळ पुरावाच झाकला जातो. म्हणून जतन करणाऱ्यांना आधी तपासणी करावी लागते आणि पुष्कळदा हात आवरावा लागतो.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. काचेच्या तीन पट्ट्यांवर अनुक्रमे अंड्याचा बलक, कच्चे जवसाचे तेल आणि खोबरेल यांचा पातळ थर द्या. दोन-तीन आठवडे रोज निरीक्षण करून नोंदी ठेवा. खोबरेल का वाळत नाही, याचे उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.