पीव्हीसीचा पाणबुड्या

पाण्याखाली उतरणाऱ्या त्या यंत्राचा सांगाडा पीव्हीसीच्या नळ्यांचा होता. आपल्याकडे प्लंबर बाथरूमच्या फिटिंगला वापरतात, तसल्याच नळ्या. त्या जोडायच्या सोल्युशनचा वास इतका उग्र होता की पोरांनी यंत्राचं नावच ‘स्टिंकी’ ठेवून टाकलं. वरून लाल, निळा, पिवळा असा भडक रंग मारला. ढकलायला मोटारी बसवल्या त्या मासे पकडणारे लोक आपल्या छोट्या होडीला लावतात त्या प्रकारच्या. सगळा खर्च साधारण 800 डॉलर, तोही देणग्या मागून जमवलेला. जून 2004 मध्ये हे यंत्र घेऊन अमेरिकेतल्या फिनिक्स शहरातली चार शाळकरी मुलं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा इथल्या जलतरण तलावावर पोचली आणि परतली ती इंजिनिअरिंग कॉलेजांच्या गटातलं पहिलं बक्षीस घेऊन. दुसरा क्रमांक मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा, म्हणजे एमआयटीचा होता.

ही गोष्ट सांगताना लोकांना ‘जुगाड’ हा शब्द हमखास सुचतो. गरीब पोरं, स्वस्त सामान, अजब डोकं आणि समोर जगातलं नामांकित विद्यापीठ. पण त्या मोसमाचे तपशील पाहिले की जुगाड हा शब्द टिकत नाही. स्टिंकीमध्ये अंदाजपंचे असं जवळजवळ काही नव्हतं. स्वस्त होतं, पण हिशेब करून बसवलेलं होतं.

शाळेचं नाव कार्ल हेडन कम्युनिटी हायस्कूल. फिनिक्सच्या पश्चिम भागातली सरकारी शाळा, बहुसंख्य मुलं मेक्सिकोतून आलेल्या कष्टकरी कुटुंबांतली, घरात स्पॅनिश. आसपास ॲरिझोनाचं वाळवंट आणि समुद्र शेकडो किलोमीटर लांब. अशा ठिकाणी सागरविज्ञान शिकवणारे फ्रेडी लाज्वर्डी आणि कॉम्प्युटर शिकवणारे ॲलन कॅमरून या दोन शिक्षकांनी शाळेत रोबोटिक्सचा संघ उभा केला होता. 2003-04 च्या वर्षात त्यांनी ठरवलं की पाण्याखालच्या रोबोंची स्पर्धा लढवायची. मरीन ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी एज्युकेशन सेंटर ही कॅलिफोर्नियातली संस्था ती भरवायची. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘मेट’ म्हणतात. पाठीशी नासा आणि अमेरिकी नौदलाचं संशोधन कार्यालय होतं.

स्पर्धेत दोन गट होते, एक शाळांचा आणि दुसरा वरचा, कॉलेजांचा. शिक्षकांनी पोरांना थेट कॉलेजांच्या गटात उतरवलं. त्यामागचा विचार अगदी व्यवहारी होता. शाळांच्या गटात शेवटचा नंबर आला तर नाचक्की. कॉलेजांच्या गटात आला तर कोण काय म्हणणार?

संघातले चौघे एकमेकांपासून फार वेगळे होते. क्रिस्टियन आर्सेगा हा पुस्तकात आणि सर्किटमध्ये रमणारा. लोरेंझो सान्तियान गाड्यांच्या दुरुस्तीत हात काळे केलेला, वर्गात मस्तीखोर, पण यंत्राकडे वेगळ्याच बाजूने बघणारा. लुइस अरांडा उंच, दणकट आणि अबोल. वजनदार रोबो पाण्यात सोडायचा आणि केबल सांभाळायची तर असाच गडी हवा. ऑस्कर वास्केझ शाळेतल्या लष्करी कॅडेट तुकडीत होता, आपल्या एनसीसीसारखंच ते. शिस्त त्याने तिथून आणली होती. त्याला सैन्यात जायचं होतं, पण कागदपत्रं नव्हती. चौघेही लहानपणी मेक्सिकोतून आलेले, अमेरिकेत राहण्याच्या कायदेशीर परवान्याविना.

काम असं होतं: तलावाच्या तळाशी बुडालेल्या पाणबुडीचा देखावा मांडलेला. रोबोने तिच्यापाशी जायचं, तिची लांबी मोजायची, पाण्याची खोली आणि तापमान घ्यायचं, काही वस्तू उचलून आणायच्या, आणि एका पिंपाच्या अरुंद तोंडातून आतल्या द्रवाचा नमुना ओढून वर आणायचा. चालवणारी माणसं काठावर पडद्याआड. त्यांना दिसणार ते फक्त रोबोवरच्या कॅमेऱ्यातलं.

या मोसमातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय बॅटरीचा होता, आणि त्यावर जरा थांबायला हवं. असल्या रोबोंची रूढ पद्धत अशी की बॅटरी काठावर ठेवायची आणि केबलमधून वीज खाली पाठवायची. बॅटरी सुकी राहते, रोबो हलका राहतो. पण कमी व्होल्टेजची वीज लांब तारेतून नेली की वाटेत गळती होते. ती टाळायची तर तांब्याची तार जाड हवी, आणि जाड केबल म्हणजे रोबोच्या शेपटीला बांधलेलं लोढणं. वळताना ओढते, अडकते. पोरांनी बॅटरी रोबोवरच चढवायचं ठरवलं. यात धोका उघड होता, कारण पाणी आत शिरलं तर सगळा खेळ खलास. वजनही वाढणार होतं. पण केबलमधून आता फक्त इशारे जायचे होते, म्हणून ती बारीक आणि लवचीक झाली. बॅटरीचं वजन पेलायला नळ्यांमधली कोंडलेली हवा होतीच. नळ्यांचा व्यास आणि लांबी त्या हवेच्या हिशेबाने ठरवलेली. जड भाग खाली, हवेचा वर, म्हणजे रोबो आपोआप सरळ राहतो, मोटारींना त्यासाठी झटावं लागत नाही. पीव्हीसी स्वस्त म्हणून घेतलं हे खरंच आहे, पण तेवढंच खरं नाही: त्या नळ्या सांगाडा होत्या, तरंगकही होत्या आणि वायरी न्यायची वाटही.

लांबी मोजण्यासाठी लेझरचा टेप होता, घरबांधणीवाले वापरतात तो. पण पाण्यात प्रकाशाचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी होतो, त्यामुळे असं उपकरण अंतर जवळपास एक तृतीयांश जास्त दाखवतं. ती दुरुस्ती पोरांनी आधीच हिशेबात धरली. द्रव ओढायला छोटा पंप लावला आणि नमुना साठवायला फुगा.

हे सगळं त्यांना कुणी वर्गात शिकवलं नव्हतं. शिक्षकांची एक रीत होती: माहीत नसेल तर ज्याला माहीत आहे त्याला फोन लाव. फोन मुलांनीच करायचा. तापमापकं बनवणाऱ्या कंपनीतल्या जाणकाराला एक शाळकरी मुलगा फोन करून पाण्याखालच्या तापमानाबद्दल विचारतो आणि समोरचा माणूस वेळ काढून सांगतो, असं त्या वर्षभरात घडत राहिलं. लाज्वर्डी आणि कॅमरून यांचं मोठेपण मला इथे दिसतं. उत्तर स्वतः देऊन टाकणं कितीतरी सोपं होतं. सरावासाठी फिनिक्समधल्या एका डायव्हिंग शाळेचा तलाव मिळाला.

सँटा बार्बराला पोचल्यावर सरावाच्या फेरीत नको तेच झालं. इलेक्ट्रॉनिक्स ठेवलेल्या जलरोधक पेटीत पाणी झिरपलं. दुसऱ्या दिवशी खरी फेरी. नवी पेटी आणून सगळं पुन्हा जोडायला वेळ नव्हता. झिरपणं थांबवता येत नसेल तर झिरपलेलं पाणी टिपून घ्यायचं, असा विचार झाला. कमी जागेत जास्तीत जास्त पाणी शोषणारी वस्तू कोणती? टॅम्पॉन. पाळीच्या वेळी वापरायची ही वस्तू विकत आणायला लोरेंझोला दुकानात पाठवलं. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, त्या रांगेसमोर उभा, आणि कोणता घ्यावा हे कळेना. शेवटी त्याने लाजत लाजत तिथल्या एका बाईंना विचारलं आणि पाण्याखालच्या रोबोसाठी हवाय हेही सांगून टाकलं. तिकडे बाकीचे रात्र जागून कच्चे वाटणारे सोल्डरचे सांधे पुन्हा पक्के करत होते. दुसऱ्या दिवशी पेटी कोरडी राहिली.

सिनेमावाल्यांना हा प्रसंग फार आवडतो. साहजिकच आहे. पण स्पर्धेचा निकाल तिथे लागला नाही. पाण्यातल्या कामगिरीत एमआयटीचे गुण कार्ल हेडनपेक्षा जास्त होते. त्यांचा संघ मोठा, रोबो सुबक, पाठीशी एक्सॉनमोबिलसारखी तेलकंपनी. पारडं फिरलं ते उरलेल्या दोन भागांत. एक लेखी तांत्रिक अहवाल, दुसरी तोंडी परीक्षा.

तोंडी परीक्षेला नासा आणि नौदलाकडचे अभियंते बसले होते. चार मुलांना ते आडवेतिडवे विचारत राहिले. मोटारीचा वेग कसा कमी-जास्त करता? वीज क्षणाक्षणाला चालू-बंद करून, तिच्या चालू राहण्याचा वेळ बदलून, म्हणजे पल्स विड्थ मॉड्युलेशन, हे उत्तर यायला वेळ लागला नाही. लेझर पाण्यात चुकतो त्याचं काय? अपवर्तनांकाचा हिशेब तयार होता. मग पॉवरपॉइंट का नाही आणलं, असं विचारल्यावर क्रिस्टियनने जे सांगितलं ते पुढे बरंच गाजलं: काय बोलायचं ते माहीत नसलं की लोक त्याचा आधार घेतात, अशा अर्थाचं काहीतरी. उद्धटपणा म्हणावा असा सूर, पण परीक्षकांना तो बोचला नाही, कारण पुढचा प्रत्येक प्रश्न पोरांनी झेलला. कारखान्यातून तयार आणलेला भाग त्यांच्याकडे फारसा नव्हता, त्यामुळे ‘हे असंच का?’ या प्रश्नाला ‘कंपनीने दिलं तसं बसवलं’ असं उत्तर देण्याची सोयच नव्हती. प्रत्येक नळीमागे कधीतरी झालेली एक वादावादी होती आणि ती चौघांना आठवत होती.

बक्षीससमारंभात आधी एक विशेष पारितोषिक मिळालं. ते उत्तेजनार्थ आहे असं समजून संघ जरा हिरमुसला. मग रचनेचं मिळालं. मग तांत्रिक लेखनाचं, घरी स्पॅनिश बोलणाऱ्या पोरांच्या इंग्रजी अहवालाला. शेवटी सर्वसाधारण विजेतेपद.

पुढच्या वर्षी जोशुआ डेव्हिस या पत्रकाराने ‘वायर्ड’ मासिकात यावर लेख लिहिला आणि गोष्ट देशभर गेली. 2014 मध्ये त्याचंच पुस्तक झालं, ‘स्पेअर पार्ट्स’. त्याच नावाचा चित्रपट 2015 मध्ये आला. त्यात जॉर्ज लोपेझने साकारलेल्या एकाच मास्तरमध्ये लाज्वर्डी आणि कॅमरून दोघेही कोंबलेत. पडद्यावर एकच नायक बरा दिसतो हे कळतं, पण दोन मास्तरांनी मिळून एक संघ चालवणं हीच तर त्या शाळेची खरी व्यवस्था होती, आणि तीच गाळली गेली.

चौघांचं पुढे काय झालं याचं उत्तर मात्र तलावात नाही, कायद्यात आहे. 1982 च्या एका निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की परवाना नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत घ्यायलाच हवं. तो निकाल शाळेपुरता. 2006 मध्ये ॲरिझोनाच्या मतदारांनी प्रस्ताव 300 मंजूर केला आणि अशा विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठात राज्याबाहेरच्यांची, म्हणजे कितीतरी पट फी लागू झाली. क्रिस्टियनने ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी सोडली. लोरेंझो आणि लुइस स्वयंपाकाच्या धंद्यात उतरले. ऑस्कर नेटाने शिकत राहिला, 2009 मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि कागदपत्रं सरळ मार्गाने मिळवायची म्हणून आपणहून मेक्सिकोला गेला. तिथे त्याला कळलं की दहा वर्षं परत येता येणार नाही. सिनेटर डिक डर्बिन यांनी त्याचं प्रकरण उचलून धरलं, 2010 मध्ये तो परतला, नंतर अमेरिकी सैन्यात भरती झाला आणि अफगाणिस्तानात नोकरी करून आला. अशा मुलांना रस्ता खुला करणारं ‘ड्रीम ॲक्ट’ विधेयक तो परतला त्याच वर्षी, डिसेंबर 2010 मध्ये, सिनेटमध्ये अडलं. बाजूने 55 मतं होती, लागत होती 60.

शाळेचा संघ चालू राहिला. ‘फर्स्ट’ या संस्थेच्या जमिनीवरच्या रोबो-स्पर्धेत तो 842 क्रमांकाने उतरतो, आणि 2008 मध्ये त्याला तिथला सर्वोच्च मान, चेअरमन्स अवॉर्ड मिळालं. हे पारितोषिक रोबोला नसतं. संघाने आपल्या शाळेत आणि वस्तीत काय केलं ते पाहून देतात. ॲरिझोनाचा फीचा नियम बदलायला मात्र 2022 साल उजाडावं लागलं. प्रस्ताव 308 जेमतेम बहुमताने मंजूर झाला आणि राज्यातल्या शाळेतून शिकलेल्या अशा मुलांना स्थानिक दराची फी मिळाली. सँटा बार्बराच्या स्पर्धेला तेव्हा अठरा वर्षं झाली होती.