राहून गेलेला समाचार

‘समाचार’ हा शब्द संस्कृतांतून मराठींत येतांना बराच बदलला. संस्कृतांत त्याचा अर्थ आचरण, योग्य वर्तन असा आहे. पुढें त्यास ‘वार्ता’ हा अर्थ आला, आणि आपल्या घरांत ‘समाचारास जाणें’ म्हणजे ज्याच्यावर दुःख कोसळलें आहे त्याच्या घरीं जाऊन घटकाभर बसणें, असा अर्थ रूढ झाला. २०२० व २०२१ या दोन वर्षांत महामारीनें आपलें पुष्कळ कांहीं नेलें. त्यांत हा समाचारही गेला, परंतु त्याची खंत करणारे थोडेच आढळतात.

टाळेबंदींत लोकांनीं आपल्या भावना कशा व्यक्त केल्या, हें आठवून पाहण्यासारखें आहे. २२ मार्च २०२० रोजीं सायंकाळीं पांच वाजतां लोकांनीं गच्चीवर व दारांत उभे राहून टाळ्या व थाळ्या वाजविल्या. २४ मार्चच्या रात्रीं देशभर एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली, आणि ५ एप्रिलला रात्रीं नऊ वाजतां नऊ मिनिटें दिवे लागले. या गोष्टींस कोणी हंसले, कोणी श्रद्धेनें सामील झाले. तथापि त्या गजरांत केवळ आज्ञापालन होतें असें मला वाटत नाहीं. समोरच्या गच्चीवर माणूस आहे व तोही आपल्याइतकाच भ्यालेला आहे, एवढें एकमेकांस कळविण्याची ती सोय होती.

पुढें दिवस लांबत गेले तसतशी ही भीति निराळीं रूपें घेऊं लागली. २८ मार्चपासून दूरदर्शनवर जुनी ‘रामायण’ मालिका पुन्हां सुरू झाली, तेव्हां वृद्ध मंडळी तिच्यासमोर हात जोडून बसली. तरुणांनीं भ्रमणध्वनीवरून विनोद धाडले. भय चारचौघांत उघड दाखविण्याची लाज वाटली म्हणजे माणूस विनोद करतो. दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला तेव्हां मुलें आनंदलीं, पण थोड्याच महिन्यांत तींच मुलें ‘शाळा केव्हां उघडणार?’ असें विचारूं लागलीं.

सर्वांत कठीण स्थिति गृहिणींची होती. पूर्वीं पहाटे जात्यावर बसलेली बाई सासरमाहेरचें सुखदुःख ओवींत सांगून मोकळी होई. ऐकावयास जातें असे, आणि फार तर समोर बसलेली जाऊ. टाळेबंदींत चोवीस तास घर माणसांनीं भरलेलें, सर्वांच्या खाण्यापिण्याच्या वेळा निराळ्या, आणि डोळे पुसावयास एक कोपरा मोकळा नाहीं. औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, येथें १० ते १८ जुलै २०२० या काळांत पुन्हां कडक टाळेबंदी झाली. त्या दिवसांत कित्येक भगिनी वाळत घातलेले कपडे काढण्याच्या निमित्तानें गच्चीवर जात, आणि कपडे काढून झाले तरी लवकर खालीं येत नसत.

महाराष्ट्रास महामारी नवी नव्हती. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला व तो इतरत्र पसरला. १८९७ चा साथरोग कायदा त्याच वेळचा. २०२० सालींही त्याचाच आधार घेण्यांत आला. प्लेगच्या दिवसांत लोक गांव सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. हाल अतोनात झाले, पण माणसें एकमेकांच्या हांकेच्या टप्प्यांत होतीं. कोरोनाच्या काळांत याच्या उलट झालें. माणूस पक्क्या घरांत सुरक्षित राहिला आणि शेजारच्या दारास हात लावण्याचें त्यास भय वाटूं लागलें.

ज्यांस येथें स्वतःचें घरच नव्हतें, त्यांनीं आपली भावना पायांनीं सांगितली. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत काम करणारे मजूर मध्य प्रदेशांतील आपल्या गांवीं जावयास रुळांवरून चालत निघाले होते. गाड्या बंद आहेत अशा समजुतीनें ते थकून करमाडजवळ रुळांवरच झोपले, आणि ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडीखालीं सोळा जण मृत्यु पावले. त्या रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचें छायाचित्र साऱ्या देशानें पाहिलें. घरच्या ओढीविषयीं आपण लोकांनीं त्या दिवसांत पुष्कळ लिहिलें व वाचलें. पण शिदोरी बांधून निघालेल्या त्या माणसांची ओढ आपल्याहून कमी होती, असें कोण म्हणेल?

त्याच वर्षीं आषाढींत पैठणहून एकनाथमहाराजांच्या पादुका एस. टी. बसनें पंढरपुरास गेल्या व वारकरी घरीं राहिले. वारी लहान झाली, पण मोडली नाहीं. मृत्यूच्या बाबतींत मात्र आपणांस असा मार्ग सांपडला नाहीं. अंत्यविधीस वीसांहून अधिक माणसें नसावीं असा नियम झाला. संसर्गाच्या भयानें तो आवश्यकही होता.

आमच्या परिचयाच्या एका बाईंचे यजमान, निवृत्त शिक्षक, एप्रिल २०२१ मध्यें दुसऱ्या लाटेंत रुग्णालयांत वारले. मुलगा परदेशांत. दहाव्याचा विधि पुतण्यानें पैठणास केला आणि तो मुलानें भ्रमणध्वनीवर पाहिला. कडू घांस घेऊन येणारें कोणी नव्हतें. शेजारीण पायरीवर डबा ठेवून मागल्या पावलीं परते. ‘भावपूर्ण श्रद्धांजलि’ या दोन शब्दांचे संदेश शेंकडों आले. दोन वर्षांनीं दिवाळींत त्यांच्या यजमानांचा एक जुना विद्यार्थी भेटावयास गेला व त्यानें सहज विचारलें, “शेवटीं सरांना जेवण जात होतें का हो, काकू?” बाई दीड तास बोलत राहिल्या. त्यांनीं रुग्णालयांत पाठविलेला वरणभाताचा डबा न उघडतां परत आला होता, हें त्यांनीं त्या दिवशीं प्रथमच कोणास तरी सांगितलें. शेवटीं म्हणाल्या, “हें मला आजवर कोणीं विचारलेंच नाहीं रे.” त्या विद्यार्थ्यानें ही हकीकत मला सांगितली, तेव्हां त्याचाही कंठ दाटून आला होता.

विदर्भांतील पद्मपूरचा कवि भवभूति यानें ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकांत शोकाविषयीं एक मर्म सांगितलें आहे. तळें तुडुंब भरलें म्हणजे पाण्यास वाट काढून द्यावी लागते, नाहीं तर बांध फुटतो. शोकानें क्षुब्ध झालेलें हृदयही विलापानेंच तग धरतें, असा त्याचा आशय आहे. आपल्या वाडवडिलांनीं समाचाराची चाल घातली, तींत हेंच शहाणपण होतें. घरीं येणारा प्रत्येक जण ‘काय झालें?’ म्हणून विचारी आणि घरच्यांस तीच हकीकत वीस वेळां सांगावी लागे. त्या सांगण्यांतच दुःखाचा पहिला जोर ओसरे. दोन शब्दांच्या संदेशास उत्तर देतां येतें, पण त्यापाशीं हकीकत सांगतां येत नाहीं.

म्हणून सुज्ञ वाचकांस विनंति अशी कीं, त्या दोन वर्षांत ज्यांच्या घरचें माणूस गेलें आणि ज्यांच्याकडे आपलें जाणें राहिलें, त्यांच्या घरीं एकदां अवश्य जावें. उपदेश करूं नये, तत्त्वज्ञान सांगूं नये. गेलेल्याचें नांव घेऊन दोन गोष्टी विचाराव्या आणि मग ऐकत बसावें. ‘आतां फार उशीर झाला, जुनी जखम कशास उकरावी?’ असा संकोच पुष्कळांस वाटतो. परंतु पितृपक्षांत आपण तीन पिढ्यांच्या पितरांचीं नांवें दरवर्षीं घेतों, त्यांतील कित्येकांस तर आपण पाहिलेलेंही नसतें. मग ज्याच्या पंक्तीस आपण जेवलों, त्याचें नांव त्याच्या घरीं जाऊन घेण्यास उशीर झाला, असें कसें म्हणावें?