आजोळच्या आजारांची नोंद

आमच्या कुलवृत्तान्तात कोण कोकणातून घाटावर कधी आलं ते आहे, कोण कुठल्या साली मॅट्रिक झालं तेही आहे. कोण कशानं गेलं, हे मात्र कुठंच नाही. लग्न होऊन गेलेल्या मुली तर एका ओळीत संपतात. नव्या आवृत्तीची माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी फॉर्ममध्ये दोन रकाने वाढवले: आजार कोणता आणि तो कितव्या वर्षी कळला. हे छापायचं नव्हतं, ज्याच्या त्याच्या घरी राहणार होतं. तरी काही वडीलधाऱ्यांना ते अभद्र वाटलं. मी हट्ट सोडला नाही, कारण माझं आजोळ.

मामा ४४व्या वर्षी गेले. ‘पोटाचं दुखणं’, एवढंच सगळे सांगत. मिरजेच्या मावशीला खोदून विचारलं. “अगं, शौचावाटे रक्त जायचं त्याच्या. मूळव्याध समजून वर्षभर औषधं घेतली. मग कळलं, मोठ्या आतड्याचा कॅन्सर.” आणि आजी? “आईची पाळी केव्हाच गेली होती, तरी अंगावरून जायचं. असलं कोण बोलून दाखवणार?” स्वतःची पिशवी पन्नाशीच्या आतच काढली, तीही कॅन्सरमुळे, हे मावशीनं चहा गाळता गाळता सांगितलं.

आतडं आणि गर्भाशय यांचे कॅन्सर एकाच घरात, त्यातून कमी वयात दिसले, की डॉक्टरांना लिंच सिंड्रोमची शंका येते. अमेरिकेतल्या ॲन आर्बरमध्ये १८९५ साली पॉलीन ग्रॉस या शिवणकाम करणाऱ्या बाईनं डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितलं होतं, आमच्याकडची माणसं पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनं जातात, मीही तशीच जाणार. गेलीही तशीच. पण वॉर्थिन यांनी तिचं म्हणणं मनावर घेतलं आणि त्या घराण्याची हकिगत १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे डॉ. हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांचा पाठपुरावा केला. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांतच इथं बिघाड असतो, हे १९९३-९४ च्या सुमारास उलगडलं. बिघाड आईकडून येवो की वडिलांकडून, प्रत्येक मुलाला किंवा मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणजे माहेरचं नाव सुटलं तरी हा सुटत नाही.

आतड्याच्या कॅन्सरच्या १०० रुग्णांत साधारण तिघांनाच हा दोष असतो. पण तो नसला, तरी आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर चाळिशीला, किंवा त्यांना तो कळला त्या वयाच्या १० वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करावी, असं डॉक्टर सांगतात. आदल्या दिवशी औषध पिऊन पोट साफ करायचं, मग गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून पाहायचं. पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेला कोंब, दिसला तर बहुतेक वेळा तिथल्या तिथं तारेच्या फासानं काढता येतो. त्याचा कॅन्सर व्हायला एरवी अनेक वर्षं लागतात, लिंचमध्ये मात्र फार कमी. म्हणून लिंच असलेल्यांची तपासणी ऐन पंचविशीतच सुरू होते आणि दर एक-दोन वर्षांनी करावी लागते.

जनुकांची तपासणी शक्यतो ज्याला आजार झाला त्याच्यापासून सुरू करतात. आमच्याकडे ती मावशी. तिनं रक्त दिलं, दोष सापडला. मामेभावातही निघाला. त्याचे दोन पॉलिप काढले. त्याची बहीण अजून तयार नाही; तिच्या सासरी म्हणतात, माहेरचं दुखणं इकडे कशाला? पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे जाणार आहे, मावशीचा रिपोर्ट घेऊन. मावशीही येते म्हणालीय.