अपडेट आलं, परडं गेलं!

वीकेण्डला चहाचा कप घेऊन लाडका गेम उघडावा आणि काळ्या खिडकीत लाल ओळींचा पाऊस पडावा... मॉड्स वापरणाऱ्यांना हा झटका कधी ना कधी बसतोच. पण पॅनिक होऊन डिलीटचं बटण दाबण्याआधी हे वाचा. मी वाचलं नव्हतं, म्हणून सांगतेय!

२४ मार्च २०२४. होळीचा रविवार. किचनमधून पुरणाचा वास, दुसऱ्या दिवशी धुळवडीची सुट्टी. एकदम सॉलिड लाँग वीकेण्ड. सकाळी आठला मी लॅपटॉप उघडून बसले, कारण तेव्हा टोरोंटोत शनिवारची रात्र असते आणि माझी ताई सगळं आवरून ऑनलाइन येते. इअरफोनमध्ये तिचा आवाज आला, ''अगं, परडं कुठंय?''

मी म्हटलं, ''असेल ना तिथंच.''

''नाहीये. रस्ताच नाहीये तिकडं जायला. तू काय केलंस?''

थोडं मागे जाऊन सांगते. मी आणि ताई मिळून 'स्टारड्यू व्हॅली' खेळतो. एरिक बॅरोन या पठ्ठ्यानं एकट्यानं बनवलेला हा शेतीचा गेम २०१६ मध्ये आला आणि डिसेंबर २०२४ पर्यंत त्याच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्या. पेरा, पाणी घाला, कोंबड्या पाळा, गावातल्या लोकांशी दोस्ती करा. बास. दिवसभर डेडलाइन्सच्या मागे पळणाऱ्या आपल्यासारख्यांना हे औषधासारखं लागू पडतं!

आमच्यासाठी मात्र हा गेम म्हणजे भेटायची जागा. ताई कॅनडाला गेल्यापासून दर रविवारी आम्ही शेतात भेटतो आणि मशागत करता करता जगभरच्या गप्पा मारतो. एका मॉडमुळे शेतामागे एक जादा जमीन मिळाली होती. ताईनं तिथं आजीच्या घरामागचं परडं आठवून आठवून मांडलं होतं. विहीर इथं, पारिजातक तिथं, धुणं वाळत घालायची तार या बाजूला. आजीचं घर विकून आता बरीच वर्षं झाली. आमच्याकडे त्या परड्याचा एक धड फोटोसुद्धा नाही. आणि ते मी घालवलं होतं.

घोळ कुठे झाला?

आधी मॉडचा फंडा समजून घेऊ. मॉड म्हणजे मॉडिफिकेशन. गेममध्ये नवी पिकं, नवे कपडे, नव्या जागा घालायला कंपनीबाहेरचे हौशी लोक जी जोडणी बनवतात, ती. बहुतेक वेळा फुकट, फावल्या वेळात बनवलेली. आता समजा, तुमच्या घरी रोज येणाऱ्या पेपरवाल्याला माहितीये की जिना चढून डावीकडचं तिसरं दार तुमचं. एक दिवस बिल्डिंगचं रिनोव्हेशन होतं आणि दारं बदलतात. पेपरवाला बिचारा जुन्याच हिशेबानं जातो आणि भिंतीवर आपटतो. अपडेटनंतर मॉडचं नेमकं हेच होतं. ज्या फाइलचं, ज्या फंक्शनचं नाव त्याला पाठ असतं, ते बदललेलं असतं किंवा गायब झालेलं असतं.

स्टारड्यू व्हॅलीचं १.६ व्हर्जन १९ मार्च २०२४ ला कॉम्प्युटरवर आलं. गंमत म्हणजे त्यातले बरेच बदल मॉड बनवणाऱ्यांच्या सोयीसाठीच होते. आधी गेममधल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक असायचा. पार्सनिप म्हणजे २४. दोन मॉड्सनी एकच क्रमांक पकडला की भांडण ठरलेलं! १.६ मध्ये क्रमांकाच्या जागी अक्षरी नावं चालायला लागली. उत्तम सुधारणा, पण जुनी मॉड्स त्या दिवशी आडवी झाली. ही मॉड्स चालवणारा 'स्मॅपी' नावाचा मधला प्रोग्रॅमसुद्धा नव्यानं घ्यावा लागला.

मला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. शनिवारी रात्री गेम उघडला तर उघडेना. नुसत्या लाल ओळी. मी डोकं लढवलं आणि मॉड्सचं अख्खं फोल्डर उचलून डेस्कटॉपवर टाकलं. गेम मस्त चालू झाला! त्या आनंदात मी गेममधले तीन दिवस खेळलेसुद्धा. ताईलाही फोनवर सांगून टाकलं, ''तुझं पण फोल्डर बाजूला काढ, काही टेन्शन नाही.''

टेन्शन होतं. परडं ज्या मॉडनं दिलं होतं तेच नाही म्हटल्यावर गेमच्या लेखी ती जागाच उरली नाही. आणि या गेममध्ये रात्री झोपलं की सेव्ह होतं. म्हणजे मी झोपले आणि परड्याविना सेव्ह झालं. गेम स्वतः आदल्या सेव्हची एक प्रत ठेवतो, पण एकच. तीन वेळा झोपल्यावर तीही गेली. शिवाय दोघींचं शेत असलं तरी सेव्ह असतं फक्त होस्टच्या कॉम्प्युटरवर. होस्ट मी.

ताई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ''जाऊ दे गं, गेमच तर आहे,'' म्हणाली आणि झोप आलीय सांगून गेली.

एकट्यादुकट्याचं दुखणं नाही

मोठमोठ्या गेम्समध्येही हेच रामायण. 'स्कायरिम' २०११ चा. त्याची ॲनिव्हर्सरी एडिशन नोव्हेंबर २०२१ मध्ये आली, तेव्हा गेमची मूळ फाइल नव्यानं बांधली गेली. त्या फाइलमधल्या नेमक्या पत्त्यांवर अवलंबून असलेली स्क्रिप्ट एक्स्टेंडरवाली मॉड्स एका रात्रीत बंद पडली. कित्येकांनी मुद्दाम जुन्या व्हर्जनवर परत जाणं पसंत केलं.

'फॉलआउट ४' ची कहाणी तर अजून भारी. एप्रिल २०२४ मध्ये 'फॉलआउट' ही वेब सिरीज आली, लोक धडाधड जुन्या गेमकडे वळले आणि २५ एप्रिलला गेमचं मोठं अपडेट आलं. इकडे हौशी मंडळींच्या एका टीमनं कित्येक वर्षं खपून 'फॉलआउट: लंडन' नावाचा अख्खा नवा गेम वाटावा असा मॉड बनवला होता. त्याची तारीख होती २३ एप्रिल! अपडेटमुळे सगळं कोलमडणार हे दिसताच त्यांनी रिलीज पुढे ढकललं. शेवटी २५ जुलैला मॉड आला, तो गेमच्या जुन्या व्हर्जनसाठी. स्टीमवाल्यांना आधी आपला गेम मागच्या व्हर्जनवर न्यावा लागला.

चोर पकडायचा कसा?

आता माझ्या परड्याकडे. होळी पेटवून आल्यावर रात्री मी गेमचं फोल्डर चाळत बसले आणि एक नाव दिसलं, 'सेव्ह बॅकअप्स'. स्मॅपी गुपचूप एक काम करत असतो. गेम चालू केला की त्या दिवशीच्या सेव्हची एक झिप फाइल करून ठेवतो, शेवटच्या दहा. त्यातली सर्वांत ताजी होती १७ मार्चची. म्हणजे १७ तारखेला खेळलो तेवढं गेलं. पण परडं होतं!

या वेळी मी शहाणपणा केला. ती फाइल तीन ठिकाणी कॉपी केली आणि गेमला हात लावला नाही. लोकप्रिय मॉड्सची नवी व्हर्जन्स हळूहळू येत गेली. एप्रिलच्या शेवटी सगळं अपडेट करून गेम उघडला. पहिला दिवस संपायच्या आत क्रॅश!

मग वापरली अर्धी-अर्धी पद्धत. 'द सिम्स ४' खेळणाऱ्यांमध्ये ती फिफ्टी-फिफ्टी म्हणून फेमस आहे. माझ्याकडे ४८ मॉड्स होती. २४ बाजूला काढली आणि गेम चालवला. क्रॅश नाही? म्हणजे चोर बाजूला काढलेल्यांत. मग २४ चे १२, १२ चे ६, ६ चे ३... सहा फेऱ्यांत माणूस, सॉरी मॉड सापडतं. एकेक करून तपासलं असतं तर ४८ वेळा गेम चालू करावा लागला असता. फक्त एक लक्षात ठेवा. काही मॉड्स दुसऱ्यांच्या पायावर उभी असतात, उदाहरणार्थ 'कंटेंट पॅचर'. तो पायाच बाजूला काढलात तर त्याच्यावरची सगळी मॉड्स बंद पडतात आणि भलत्यालाच चोर ठरवाल. पाया कायम जागेवर ठेवायचा.

माझा चोर निघाला कोंबड्या कुठे आहेत ते दाखवणारं एक बारकंसं मॉड. त्याच्या कर्त्यानं २०२१ नंतर त्याला हात लावला नव्हता. कोंबड्या काय, शोधून सापडतात!

अपडेटच्या दिवसाचं सर्व्हायव्हल किट

* सगळ्यात आधी सेव्ह फाइलची कॉपी. गेमच्या फोल्डरबाहेर, जमलं तर पेनड्राइव्हवरही.
* मॉड्सशिवाय गेम तपासायचा असेल तर नवीन खेळ सुरू करून तपासा. जुनं सेव्ह उघडू नका.
* लॉग वाचा. स्मॅपी तो तुमच्यासाठी लिहूनच ठेवतो, तर 'माइनक्राफ्ट'मध्ये क्रॅश रिपोर्ट्सचं वेगळं फोल्डर असतं. पहिली लाल ओळ महत्त्वाची, खालच्या बहुतेक तिचीच पिलावळ.
* मॉड चालवणारा प्रोग्रॅम आधी अपडेट करा, मग पाया-मॉड्स, मग बाकीची.
* स्टारड्यूमध्ये मॉड डिलीट करायची गरज नसते. फोल्डरच्या नावाआधी एक टिंब दिलं की स्मॅपी त्याच्याकडे बघत नाही.
* स्टीमवर 'गेम चालू करीन तेव्हाच अपडेट कर' असं सेटिंग असतं. ते लावा. काही गेम्सची जुनी व्हर्जन्स 'बीटाज्' या टॅबमध्ये मिळतात.
* मॉड बनवणाऱ्याला शिव्या घालू नका. तोही ऑफिसातून घरी येऊन, जेवून मग बसतो.

मेच्या पहिल्या रविवारी ताईला निरोप टाकला, 'ये, दाखवायचंय काहीतरी.' ती आली. शेतातून चालत मागच्या वाटेला लागली. बराच वेळ इअरफोनमध्ये काहीच ऐकू येईना. मला वाटलं, पुन्हा क्रॅश!

''विहीर जरा जास्तच डावीकडे झालीय गं,'' ताई म्हणाली. ''आजीची अशी नव्हती. सरकवूया?''

सरकवली. आणि झोपायच्या आधी एक कॉपी काढून ठेवली.