बोंडला अभयारण्य : कुंपणाच्या आत आणि बाहेर

गोव्याची सहल म्हटली की समुद्रकिनारा, जुन्या गोव्यातील चर्च आणि मंगेशी-म्हार्दोळची देवळे असा कार्यक्रम बहुधा ठरलेलाच असतो. आपल्या विद्यालयाच्या सहलीत त्याला आणखी एका दिवसाची जोड दिली गेली. अनमोड घाट उतरून मोले मागे टाकले की फोंड्याच्या वाटेवर तिस्क-उसगाव लागते. तेथून आत वळणारा रस्ता बोंडला अभयारण्याकडे जातो. स्मरणिकेसाठी सहलीचे वर्णन लिहून द्यावे असे मला सांगण्यात आले होते. परंतु कोण कोठे जेवले आणि बसमध्ये कोणती गाणी म्हटली गेली, हे माजी विद्यार्थ्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. म्हणून त्या जागेविषयी, आणि तेथे सातवीतील एका मुलाने विचारलेल्या प्रश्नाविषयी लिहितो.

बोंडला हे जेमतेम आठ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे. चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य सोडले, तर गोव्यात याहून लहान अभयारण्य नाही. आपल्याकडील एखाद्या मोठ्या गावाचे शिवारही याहून मोठे भरेल. एवढ्याशा जागेत बिबट्या, गवे, सांबरे यांनी राहावे कसे, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर असे की ती केवळ तेवढ्यात राहतच नाहीत. सह्याद्रीच्या पायथ्याला मोले राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून भगवान महावीर अभयारण्य मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटरचे वन आहे. उत्तरेस म्हादई आणि दक्षिणेस नेत्रावळी ही दोन मोठी अभयारण्ये १९९९ मध्ये घोषित झाली. बोंडला ही या माळेतील सर्वांत छोटी कडी होय. मधली रानपट्टी तुटली, रस्ता रुंद झाला किंवा खाणीने डोंगर कोरला, की लहान वनाचे बेट होते आणि बेटावरील जनावरांची संख्या हळूहळू घटत जाते.

बोंडल्याचे वैशिष्ट्य असे की अभयारण्याच्या आतच एक लहान प्राणिसंग्रहालय, हरणांसाठी कुंपण घातलेले मोठे आवार आणि वनस्पती उद्यान आहे. बहुतेक पाहुणे तेवढेच पाहून परततात. मुलांचाही आरंभी असाच समज होता की पिंजऱ्यांची रांग म्हणजेच जंगल. कुंपणाच्या आतले प्राणी पाहण्यासाठी ठेवलेले आहेत. बाहेरचे प्राणी आपल्याला पाहत असतात, आपल्याला ते क्वचितच दिसतात. ही गोष्ट समजावून सांगण्यात आमचा पहिला अर्धा तास गेला.

मुले सर्वांत जास्त वेळ रेंगाळली ती गव्यापाशी. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. कोल्हापूरकडील मुलांना तो दाजीपूरमुळे ऐकून माहीत असतो, पण ‘रानरेडा’ किंवा ‘बायसन’ या नावांनी. ही दोन्ही नावे चुकीची आहेत. रानरेडा, म्हणजे रानम्हशीचा नर, हा निराळा प्राणी. बायसन अमेरिकेत आणि युरोपात आढळतो आणि त्याची जातच वेगळी. गवा हा आपल्या गाईबैलांचा रानातला जवळचा नातलग होय. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन हजार किलोपर्यंत जाते आणि खांद्याशी उंची जवळजवळ सहा फूट भरते. गुडघ्याखाली पाय पांढरट असल्यामुळे त्याने मोजे घातले आहेत असे वाटते. एवढा प्रचंड देह, पण स्वभाव मात्र भित्रा. कळपात माद्या आणि पिल्ले एकत्र राहतात; मोठे नर पुष्कळदा एकटे हिंडतात.

गुरांचे रोग गव्यांना लागतात, ही गोष्ट आपल्या पालकांपैकी जे गुरे राखतात त्यांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. बुळकांडीच्या साथींनी भारतातील गव्यांचे कळप पूर्वी कित्येक वेळा झोडपले. हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे २०११ मध्ये जाहीर करण्यात आले. लाळ-खुरकूत मात्र अद्याप आहे. गावातील गुरांना वेळेवर लस टोचली तर तिचा लाभ रानातल्या जनावरांनाही होतो.

गव्यापुढे उभे असताना मी मुलांना पुण्याची घटना सांगितली. डिसेंबर २०२० मध्ये एक गवा कोथरूड भागात वाट चुकून आला. माणसांचे लोंढे त्याच्या मागे लागले. कोणी चित्रीकरण करीत होते, कोणी ओरडत होते. कित्येक तास तो भिंती, फाटके आणि मोटारी यांच्यामध्ये धावत राहिला. अखेरीस त्याला पकडण्यात आले, परंतु तो वाचला नाही. भीती आणि अतिश्रम यांमुळे अशा जनावरांचे शरीर आतून कोलमडते. त्याने कोणाचा जीव घेतला नव्हता. मुले गप्प झाली, आणि त्यानंतर कुंपणाशी शिट्टी मारणे आपोआप थांबले.

हरणांच्या आवारात थोडे व्याकरण शिकावे लागते. आपण सर्वांनाच हरीण म्हणतो. पण सांबर, चितळ आणि भेकर हे सारंगकुळातले, तर काळवीट आणि चिंकारा हे गाईम्हशींच्या कुळातले. सारंगांच्या नरांना फाटे फुटलेली भरीव शिंगे येतात, ती ठराविक काळाने गळून पडतात आणि पुन्हा नवी उगवतात. नव्या शिंगांवर सुरुवातीला मखमलीसारखे कातडे असते. काळवीट किंवा गवा यांची शिंगे आतून पोकळ, हाडाच्या खुंटावर बसलेली आणि जन्मभराची. आणि पिसोरी? जेमतेम सशाएवढा, अंगावर पांढरे ठिपके व पट्टे असलेला हा प्राणी या दोन्ही कुळांत बसत नाही. त्याला शिंगेच नसतात. नराला बारीक सुळे असतात. सह्याद्रीत तो आहे, पण दिवसा दिसणे दुर्मीळ.

बिबट्याच्या पिंजऱ्यापाशी तो प्रश्न आला. बिबट्या सावलीत पडून होता. मुलाने बराच वेळ त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, “सर, ह्याला घरी कधी सोडणार?”

हा मुलगा ऊसतोड कामगारांचा. दिवाळीनंतर आई-वडील फडावर जातात आणि तो वसतिगृहात राहतो. आपल्याकडील अनेकांची कथा तीच आहे. त्याला थातूरमातूर उत्तर देणे मला बरे वाटले नाही.

उत्तर असे आहे. बंदिस्त जागेत ठेवलेल्या बिबट्यांपैकी काही तेथेच जन्मलेले असतात, तर काही जखमी किंवा पोरक्या अवस्थेत आणलेले असतात. बिबट्याचे पिल्लू दीड-दोन वर्षे आईसोबत राहून शिकार शिकते. माणसाच्या हातून दूध आणि मांस घेऊन वाढलेल्या पिल्लाला शिकार येत नाही. त्याहून वाईट म्हणजे त्याला माणसाची भीती उरत नाही. असे जनावर रानात सोडले तर ते उपाशी मरते किंवा वस्तीकडे येते. धडधाकट बिबट्याला पकडून दूरच्या जंगलात सोडणे हाही उपाय ठरत नाही. जुन्नर परिसरात या शतकाच्या आरंभी असे मोठ्या प्रमाणावर केले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसले की त्यानंतर माणसांवरील हल्ले कमी न होता वाढले. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या आपली हद्द शोधत फिरतो, आणि मधल्या गावांशी त्याची गाठ पडते.

“म्हणजे हा कधीच जाणार नाही,” मुलगा म्हणाला. मी होय म्हणालो.

पण येथेच त्याच्या घराशी जोडलेली एक गोष्ट होती. पश्चिम महाराष्ट्रात बिबट्याच्या माद्या उसात वितात. तोडणी सुरू झाली की फडात पिल्ले सापडतात. लोक कुतूहलाने, कधी दयेने, ती उचलतात, आणि तेथेच त्यांचा पिंजऱ्याकडे प्रवास सुरू होतो. वास्तविक आई जवळपासच असते. पिल्लांना हात न लावता तोडणी थांबवावी, माणसांनी मागे सरावे आणि वन विभागाला कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. वनकर्मचारी पिल्लांची तपासणी करून सायंकाळी ती त्याच जागी खोक्यात ठेवतात; रात्री मादी येते आणि त्यांना घेऊन जाते. जुन्नर भागात अशा कित्येक माता-पिल्लांची भेट घडवून आणली गेली आहे.

दुपारी एका मुलीने विचारले की प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद का असते. आठवड्यातून किमान एक दिवस प्राण्यांना माणसांपासून सुट्टी द्यावी असा नियमच आहे. प्राण्यांना चिडवणे, खायला घालणे, गोंगाट करणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये गुन्हा आहे. १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण त्यावर देखरेख ठेवते. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखाची येथे आठवण होते. त्यात न मारण्याच्या प्राण्यांची लांबलचक यादी आहे. पोपट, मैना, कासव आणि साळिंदरसुद्धा. जंगल विनाकारण जाळू नये असे त्यात आहे, आणि ठराविक तिथींना हत्तीवनात कोणताही जीव मारू नये असेही. शाळेच्या भिंतीवर आपण अशोकचक्र रंगवतो. ही यादीही कोठेतरी लिहावी, असे माझे मत आहे.

शेवटचा तास आम्ही कुंपणाबाहेरच्या पायवाटेवर घालवला. ऐनाचे झाड मुलांनी सालीवरून ओळखले. गोव्यात त्याला माट्टी म्हणतात. वर शेकरूचे घरटे दिसले, शेकरू दिसले नाही. धनेशाच्या पंखांचा वाफेच्या इंजिनासारखा आवाज ऐकू आला, पण मान वर करेपर्यंत तो निघून गेला होता. काही मुलांची निराशा झाली. पिंजऱ्यात सर्व काही दिसले आणि जंगलात काहीच नाही, अशी त्यांची तक्रार होती. मी वाद घातला नाही. तीन मुले वाकून ओल्या मातीतले खूर मोजत होती, त्यांनाही मी हाक मारली नाही.

परतल्यावर रविवारी, घरी फोन करण्याच्या वेळेत, त्या मुलाने आईला १९२६ हा क्रमांक सांगितला. आईजवळ पेन नव्हते. तिने मुकादमाच्या मुलीला हाक मारली, आणि मुलाने तिला तो आकडा दोनदा म्हणायला लावला.